‘सगळे धरून’ म्हणजे काय काय धरून?

गेल्या अंकात गोव्याच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांच्या ‘ऑल इन्क्लुझिव्ह’, म्हणजे राहणे-खाणे-पिणे सगळे धरून लावलेल्या, दरांविषयी दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यांवर आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे या सदरात छापली जात नाहीत. रिसॉर्टांची नावेही मी मुद्दाम गाळली आहेत, कारण आज ज्या स्वयंपाकघराची शिफारस करावी, तेथला मुख्य आचारी पुढच्या हंगामात दुसऱ्याच किनाऱ्यावर गेलेला असतो, हे दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातील एका रिसॉर्टाच्या खानपान विभागात वीस-बावीस वर्षे काढताना मी पुरेपूर पाहिले आहे.

प्रश्न : माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला येत्या जानेवारीत ५० वर्षे पूर्ण होत आहेत. घरी मांडव घालण्यापेक्षा सर्वांनी मिळून तीन रात्री समुद्रकिनारी राहावे, असा पुण्याच्या दिरांचा आग्रह आहे. आम्ही मोठी माणसे आठ आणि मुले तीन; मुलांची वये १३, ९ आणि ४. एक रिसॉर्ट वार्का-केळशीच्या बाजूला आहे. तेथे खोलीला रात्रीचे १९,००० रुपये, आणि त्यात दोघांचे तिन्ही वेळचे खाणे, संध्याकाळचा चहा-फराळ व पेये. दुसरे कांदोळीला आहे. तेथे ११,००० रुपये, पण फक्त न्याहारी. सासूबाई सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, खातात, एकादशीला उपवास करतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. सासऱ्यांना हुमणाशिवाय, म्हणजे माशांच्या आमटीशिवाय, घास उतरत नाही. दारू आमच्यात दोघेच घेतात. मधल्या दिवशी मंगेशीला अभिषेक करण्याचा बेत आहे. कोणते ठिकाण घ्यावे? (डिचोलीहून एक वाचक भगिनी)

उत्तर : आपण दोन दर समोर ठेवले आहेत, पण हॉटेलवाल्यांच्या भाषेत त्यांच्या मधोमध आणखी एक दर असतो आणि तो आपण मागितलेला दिसत नाही. नुसती खोली म्हणजे ईपी, खोली आणि न्याहारी म्हणजे सीपी, न्याहारी व एक जेवण म्हणजे एमएपी, आणि न्याहारीसह दोन्ही जेवणे म्हणजे एपी. कांदोळीचा दर सीपी आहे. वार्क्याचा एपी असून त्यावर पेये आणि फराळ चढवलेला आहे. एमएपीचा दर विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण पुढच्या हिशेबात आहे.

प्रथम हे दर कर धरून आहेत की कर सोडून, ते लेखी विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के आहे. आपले दोन्ही दर वरच्या गटातले आहेत. कर सोडून असतील, तर १९,००० चे २२,४२० होतात आणि ११,००० चे १२,९८०. म्हणजे खोलीमागे रात्रीचा फरक ९,४४० रुपये. आता समजा की त्याच रिसॉर्टात सुटे जेवायला बसल्यास बुफेचे माणशी २,००० रुपये पडतात. दोघांची दोन जेवणे ८,००० रुपयांची, आणि अशा महाग हॉटेलातील उपाहारगृहालाही १८ टक्केच कर असल्याने पुन्हा ९,४४०. आकडे मी सोयीचे घेतले असले, तरी मुद्दा खराच आहे : एकही जेवण न चुकवणाऱ्या माणसाला हे पॅकेज बरोबरीत सुटते, आणि पेये व फराळ त्याच्या पदरी फुकट पडतात. जेवण चुकले, की तोटा सुरू होतो.

आपली किती जेवणे चुकतील ते पाहू. तीन रात्रींची सहा जेवणे. पहिल्या दिवशी खोली दुपारी २ वाजता मिळणार आणि दुपारचा बुफे साधारणपणे ३ वाजता उचलला जातो. अकरा माणसांचे सामान, ओळखपत्रे आणि किल्ल्या उरकेपर्यंत ते जेवण हातचे जाण्याचा संभव मोठा. दुसऱ्या दिवशी मंगेशी, म्हणजे दुपारचे जेवण बाहेर. चौथ्या दिवशी ११ वाजता खोली सोडायची, आणि त्या दिवसाचे जेवण बहुधा धरलेले नसते. उरली चार. तीन रात्रींत खोलीमागे २८,३२० रुपये जादा देऊन आपण १८,८८० रुपयांची जेवणे खाणार आहात. उरलेल्या ९,४४० रुपयांची पेये ज्या खोलीत पिणारे आहेत तेथे वसूल होतील. सासूबाईंच्या खोलीत लिंबू सरबताने ती होणार नाहीत. एकाच कुटुंबातील खोल्यांना वेगवेगळे प्लॅन पुष्कळ ठिकाणी देत नाहीत, कारण एकाच्या नावावरचा पेला दुसऱ्याच्या हाती जातो, हे त्यांनाही ठाऊक असते.

बेतात एक बदल सुचवतो. डिचोलीहून मंगेशी जवळ आहे, वार्क्याहून मात्र तासाभराचा किंवा त्याहून थोडा अधिक रस्ता आहे. सुटीच्या मधल्या दिवशी सर्वांना लवकर उठवून उलटे फोंड्याकडे नेण्यापेक्षा घरून निघतानाच सकाळी अभिषेक करावा, प्रसादाच्या जेवणाची सोय होईल का ते देवळाच्या कार्यालयात आधी विचारून ठेवावे, आणि तेथून थेट रिसॉर्टाला जावे. पोहोचेपर्यंत खोल्याही तयार होतील. जेवणांचा आरंभ त्या रात्रीपासून धरून चौथ्या दिवशीच्या दुपारी शेवट करावा, असे सांगितल्यास काही ठिकाणी मान्य करतात; परंतु खोली सोडून जेवणाची वेळ होईपर्यंत म्हाताऱ्या माणसांना दीड-दोन तास लॉबीत बसवून ठेवावे लागते. मला स्वतःला ते एक जेवण सोडलेले परवडेल.

बुफेतील माशांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सासऱ्यांचे तेथेच अडणार आहे. दीडशे माणसांच्या बुफेला दीडशे सारखे तुकडे लागतात आणि ते रोज, ठरलेल्या भावात लागतात. बाजारात आज जे ताजे दिसेल ते घ्यायचे, ही घरची रीत अशा स्वयंपाकघराला झेपत नाही. म्हणून भांड्यावर ‘लेमन बटर सॉसमधील मासा’ अशी पाटी असली, तर आत पुष्कळदा बासा असतो. बासा हा मुख्यतः व्हिएतनाममध्ये तळ्यांत वाढवून, कापून, गोठवून जगभर पाठवला जाणारा गोड्या पाण्यातील मासा आहे. त्याच्या तुकड्याला काटा नाही आणि वास नाही, म्हणून परप्रांतीय पाहुण्यांना तो आवडतो. बांगड्यावर वाढलेल्या माणसाला मात्र तो ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतो. तळलेल्या माशाची गत निराळी. खाली वात पेटवून वर झाकण घातलेल्या भांड्यात रव्यात तळलेला तुकडा ठेवला, की थोड्याच वेळात वाफेने त्याचे आवरण भिजते, आणि अर्ध्या तासाने पाहुणा म्हणतो की या लोकांना मासे तळता येत नाहीत. तळता येतात, ते भांड्याला मानवत नाही. रस्सा त्या भांड्यात टिकतो. तेव्हा बुफेतून रस्सा घ्यावा आणि तळण समोर तव्यावर करून देणारा काउंटर असेल तेथेच मागावे, मग रांगेत पाच मिनिटे उभे राहावे लागले तरी चालेल.

पण तो रस्सासुद्धा ‘गोवन फिश करी’ असतो, हुमण नव्हे. तिखट बेताचे, तिरफळ जवळजवळ नाही, नारळाचा रस भरपूर. जयपूरच्या आणि लखनौच्या पाहुण्याला ठसका लागू नये, अशा बेताने तो केलेला असतो. आमच्या रिसॉर्टात सर्वांत चांगले हुमण पाहुण्यांच्या उपाहारगृहात कधीच नसायचे. ते मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये असायचे, उकड्या तांदळांच्या शितावर, सोबत सुक्या सुंगटांची किसमूर. मुख्य आचाऱ्याला आदल्या दिवशी नम्रपणे सांगितल्यास एका वृद्ध गृहस्थासाठी त्यातली वाटी बाहेर येऊ शकते. पहिल्या संध्याकाळी सासऱ्यांनी स्वतः जाऊन आचाऱ्याशी कोकणीतून दोन शब्द बोलावेत. सुनेने किंवा मुलाने ‘स्पेशल रिक्वेस्ट’ म्हणून स्वागतकक्षात नोंदवलेली मागणी वाटेतच कागद होऊन राहते.

सासूबाईंच्या बाबतीत ‘व्हेज’ हा शब्द पुरणार नाही. बुफेत शाकाहारी पदार्थ भरपूर असतात, पण ते पनीर, छोले आणि पास्ता यांच्या घरचे. खतखते किंवा मुगागाठी एखाद्या ‘गोवन नाइट’लाच दिसायची. सोमवारी कांदा-लसूण नको असेल, तर ‘जैन’ हा एक शब्द स्वयंपाकघराला चटकन कळतो आणि काम होते. मात्र एकादशीला तो शब्द वापरू नये. त्याच्या आडोशाने कांद्याबरोबर बटाटा, रताळे आणि सुरणही ताटातून जाते, आणि उपवासाला नेमके तेच हवे असते. साबुदाणा आणि वरी लागणार, हे आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावे. भिजवायला वेळ लागतो हे उत्तरेकडच्या आचाऱ्याला माहीत असतेच असे नाही.

आता गुडघ्यांकडे वळतो, कारण माझ्या मते तुमचा निर्णय जेवणापेक्षा त्यांनीच व्हायला हवा. किनारा नियमनाचे नियम १९९१ साली आले. गावांच्या मोकळ्या किनारपट्टीत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे हॉटेल बांधता येत नाही, आणि २०० ते ५०० मीटरांच्या पट्ट्यात बांधायचे तर तळमजला व वर एक मजला, एकूण उंची ९ मीटर, अशी मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे सासष्टीच्या किनाऱ्यावरची रिसॉर्टे उंच वाढली नाहीत, आडवी पसरली. छायाचित्रात ती हिरवळ, ती तळी आणि त्या पायवाटा फार सुंदर दिसतात; पण खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत तीन-चारशे पावले, दिवसातून तीन वेळा जाऊन-येऊन, आणि समुद्र त्याच्याही पलीकडे. शिवाय दुमजली इमारतीला लिफ्ट असेलच असे नाही. म्हणून आरक्षण करतानाच तळमजल्याची, उपाहारगृहाजवळच्या इमारतीतील खोली लेखी मागावी. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द उत्तरात आला, तर पुन्हा विचारावे. बॅटरीवर चालणारी बग्गी आहे का आणि ती रात्रीच्या जेवणानंतरही बोलावता येते का, न्हाणीघरात आधाराची दांडी आहे का, आंघोळ टबमध्ये उतरून करावी लागते का, हेही विचारावे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बाथटबची चैन म्हणजे शिक्षा असते.

कांदोळीची बाजूही सांगितली पाहिजे. तेथे फाटकाबाहेर पाऊल टाकले की खाण्याच्या जागा ओळीने आहेत, त्यामुळे फक्त न्याहारीचा दर तेथे शहाणपणाचा ठरतो. वार्का-केळशीकडे वस्ती विरळ, आणि टॅक्सीचे भाडे परराज्यातील माणसाला धडकी भरवणारे; ओला-उबर येथे चालत नाहीत. म्हणूनच बाहेरचे पाहुणे त्या बाजूला ‘सगळे धरून’ घेतात. पण आपण डिचोलीहून स्वतःच्या गाड्या घेऊन जाणार आहात. बाणावलीपर्यंत किंवा मडगावपर्यंत जाऊन शीत, हुमण, तिसऱ्यांचे सुके, तळलेला तुकडा आणि सोलकढी अशी थाळी रिसॉर्टातील जेवणाच्या पाव किमतीत खाणे आपल्याला अवघड नाही. दुसरीकडे, जानेवारीत कांदोळी-कळंगुटच्या रस्त्याला रात्री जी वर्दळ असते तीत चार वर्षांचे मूल आणि पंचाहत्तरीची माणसे घेऊन टेबल मिळण्याची वाट पाहत उभे राहणे मला सुखाचे वाटत नाही. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद ठेवण्याचा नियम आहे; तो पाळला जातो किंवा नाही, हे आपण गोव्यात राहणाऱ्यांनी एकमेकांना सांगायला नको.

तेव्हा वार्क्याचे ठिकाण घ्यावे, पण एमएपीवर : न्याहारी आणि रात्रीचे जेवण आत, दुपार मोकळी. दोघे पिणारे आपापले बिल देतील. एक दुपार सासऱ्यांसाठी बाहेरच्या थाळीची, आणि दुसरी कोणालाच हलावेसे वाटले नाही तर खोलीतच घरून नेलेल्या डब्यातील चिवडा-लाडूंची. १३ वर्षांच्या मुलाचा दर मात्र आधी पक्का करावा, कारण बहुतेक हॉटेलांत १२ वर्षांनंतर मूल प्रौढ होते. लग्नाच्या ५० व्या वाढदिवसाचा केक ते आपण न मागताही देतील, तो बुफेतल्या पेस्ट्रीसारखाच लागेल. बिबिंका घरून न्यावी.

प्रश्न : अमेरिकेत राहणारे माझे मेहुणे मेक्सिकोतील कानकूनला दोनदा ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ राहून आले आहेत. गेल्या महिन्यात आम्ही त्यांना बेताळभाटीजवळच्या एका रिसॉर्टात याच नावाच्या पॅकेजवर नेले. तीन दिवस ते ‘याला ऑल इन्क्लुझिव्ह म्हणत नाहीत’ हेच सांगत होते. जेवणाच्या जागा थोड्या, परदेशी दारू वेगळी, आणि खुर्चीवर पडले की विक्रेते येतात, अशी त्यांची तक्रार. त्यांचे खरे आहे का? (मडगावहून एक वाचक)

उत्तर : अर्धे खरे आहे. ही कल्पना मुळात मेक्सिकोची नव्हे. १९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर, अल्कुदिया येथे क्लब मेडची पहिली सुटीची वसाहत उभी केली तेव्हा तेथे तंबू होते, जेवण एकत्र लांब टेबलांवर होते आणि सगळ्याचे पैसे आधीच भरलेले होते. त्या वसाहतींत पुढे दारूसाठी मण्यांची माळ निघाली. पोहायच्या कपड्यांत पाकीट कोठे ठेवणार, म्हणून मणी विकत घ्यायचे आणि बारमध्ये तोडून द्यायचे. म्हणजे या कल्पनेच्या आद्य घराण्यातही दारू वेगळीच मोजली जात होती, हे मेहुण्यांना सांगायला हरकत नाही.

कानकूनचा प्रकार असा, की मेक्सिकोच्या सरकारने १९७० साली जवळजवळ निर्मनुष्य अशा वाळूच्या पट्टीवर पर्यटनाचे शहर आखून वसवायला घेतले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, आणि मध्ये ओळीने हॉटेले. तेथे पाहुण्याला आतच गुंतवून ठेवायचे म्हणून एकाच आवारात जपानी, इटालियन, मेक्सिकन अशी वेगवेगळी उपाहारगृहे काढणे रिसॉर्टाला भागच पडते. आपल्याकडे १९७४ साली सिकेरीला १६१२ च्या आग्वाद किल्ल्याच्या आवारात ताजचे हॉटेल सुरू झाले तेव्हा शेजारी कांदोळी-कळंगुटची गावे नांदती होती. मासे, पाव, फेणी, सगळे फाटकाबाहेर मिळत होते. किनाऱ्यावरचे रिसॉर्ट येथे गावाला चिकटून वाढले. म्हणून आजही बहुतेक गोमंतकीय रिसॉर्टांत पॅकेजवाल्यांसाठी एकच मोठे उपाहारगृह असते आणि दुसऱ्या, खास पदार्थांच्या उपाहारगृहात गेले तर पैसे पडतात किंवा थोडी सूट मिळते. दोन ठिकाणांची तुलना करताना पदार्थांची संख्या मोजू नये. या दरात किती वेगळ्या स्वयंपाकघरांतून जेवता येईल, हे विचारावे. चाळीस पदार्थ एकाच चुलीवरचे असले, की तिसऱ्या रात्री सगळ्यांना एकच वास येतो.

दारूच्या यादीबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही; तिच्यात बहुधा भारतात बनलेली विशिष्ट नावे आणि ठरावीक तास असतात, खोलीतले छोटे फ्रीज तर जवळजवळ नेहमीच बाहेर. फेणी यादीत आहे का, हे मात्र विचारावे. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी आपल्याच किनाऱ्यावरच्या पॅकेजात ती सापडेल अशी खात्री नसते. उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, तर उन्हाळ्याचे चार दिवस, आणि तेही गावात.

विक्रेत्यांचे म्हणाल, तर किनारा कोणाच्याही मालकीचा नाही आणि ते तसेच असावे, असे मला वाटते. रिसॉर्टाची हद्द वाळूच्या अलीकडे संपते. शांतपणे पडायचे असेल, तर खुर्ची कुंपणाच्या आत, झाडाखाली मांडून घ्यावी. पण मेहुणे पुन्हा आले, तर त्यांना पहाटे बाणावली-कोलव्याच्या वाळूवर न्यावे. रापण ओढत असतील, तर तासभर उभे राहून पाहावे आणि जाळ्यात आलेले बांगडे किंवा तारले तेथेच घ्यावेत. रिसॉर्टाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर निघणारा तो मासा रिसॉर्टाच्या बुफेत येत नाही, कारण तो उद्या येईल की नाही आणि आला तर किती येईल, याचे दरपत्रक कोणी देऊ शकत नाही.

प्रश्न : जून-जुलैत दक्षिण गोव्यातील रिसॉर्टांचे ‘सगळे धरून’ दर हंगामाच्या निम्म्यावर आलेले दिसतात. त्या दिवसांत जाणे शहाणपणाचे आहे का? मासे ताजे मिळतात का? (साखळीहून एक वाचक)

उत्तर : जाण्याला माझी हरकत नाही, उलट, हे पॅकेज खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते याच दिवसांत. वाळूवरचे शॅक उन्हाळ्याच्या शेवटी काढलेले असतात, समुद्रात उतरायला बंदी असते, पाऊस कोसळत असतो, आणि बाहेर जाऊन खावे तर निम्म्या जागांना कुलूप. आत बसून खाणे-झोपणे-वाचणे एवढेच करायचे असेल, तर पैसे वसूल होतात.

माशांसाठी मात्र जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्याने जूनच्या उत्तरार्धात तिकडचा मासा बर्फात घालून इकडे येऊ शकतो, बाकी शीतगृहातला. ताजे हवे असेल, तर नदी-खाजणांतले शेवटे आणि काळुंद्रे, आणि ते बाजारात जाऊन स्वतः पाहून घेतलेलेच. पावसाच्या खऱ्या चवी म्हणजे रानातली आळमी म्हणजे अळंबी, टाकळ्याची म्हणजे तायकिळ्याची भाजी आणि मेमध्ये भरून ठेवलेले पुरुमेंताचे सुके मासे. त्या घरी आहेत, बुफेत नाहीत.

आरक्षणापूर्वी दोन गोष्टी विचारा. पाहुणे कमी असतील, तर बुफेऐवजी ठरावीक ताट देतात का, आणि त्या वेळी दर कमी होतो का. पहिल्याचे उत्तर पुष्कळदा होय आणि दुसऱ्याचे नाही, असे येते. दुसरे, खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत वाट छपराखालून आहे का. आडव्या पसरलेल्या आवारात छत्री घेऊन तीन वेळा भिजत जाणे पहिल्या दिवशी गमतीचे वाटते. पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी कपाटाचे दार उघडून वास घ्यावा. कुबट वास आला, तर लगेच खोली बदलून मागावी. रिकाम्या महिन्यात ती मिळते, आणि गादीत मुरलेली ओल वातानुकूलन यंत्राने जात नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी ३१ डिसेंबरला आम्ही एका रिसॉर्टात पूर्ण जेवणाचे पॅकेज घेतले असताना निघताना बिलात ‘गाला डिनर’चे माणशी वेगळे पैसे आणि वर १० टक्के सेवाशुल्क लावले. हे योग्य आहे का? (वास्कोहून एक वाचक)

उत्तर : या दोन बाबी निराळ्या आहेत. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचे सक्तीचे जेवण हा गोव्यातील हॉटेलांचा जुना रिवाज आहे. आरक्षणाच्या कागदावर, बहुधा अगदी तळाशी, ते लिहिलेले असेल तर पैसे द्यावे लागतात. लिहिलेले नसेल, तर नाकारावे, आणि नेहमीच्या रात्रीच्या जेवणाची किंमत त्यातून वजा केली आहे का, हे तरी विचारावेच.

सेवाशुल्क मात्र ग्राहकाच्या मर्जीचे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप जोडता येत नाही, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. काउंटरवर ते काढून टाकण्यास सांगावे. न काढल्यास बिलाची प्रत घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. वाढणाऱ्या मुलाला काही द्यावेसे वाटले, तर ते त्याच्या हातात द्यावे.